बोटीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म वाजला तर? आधी बाहेर पडा, मग बिघाड शोधा

एप्रिल २०१३ मधली गोष्ट. इंग्लंडच्या विंडरमिअर तलावावर एका छोट्या मोटरबोटीच्या केबिनमध्ये एक आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी झोपल्या होत्या. थंडी होती म्हणून इलेक्ट्रिक हीटर लावलेला. त्याला वीज देणारा पेट्रोलचा जनरेटर इंजिनच्या जागेत बसवलेला आणि त्याचा धूर बाहेर सोडणारा पाइप घरगुती पद्धतीने जोडलेला. पाइपचा सांधा निखळला, धूर केबिनमध्ये शिरला आणि दोघींचा जीव गेला. त्या बोटीवर अलार्म होता, पण त्याची वायर काढलेली होती, हे नंतर चौकशीत समोर आलं.

२०१६ मध्ये इंग्लंडमध्येच रॉक्सम इथे दोघे जण आणि २०१९ मध्ये यॉर्क इथे दोन मित्र असेच बोटीत दगावले. या दोन्ही बोटींवर अलार्मच नव्हता. तिथल्या नद्या-कालव्यांवरच्या केबिनवाल्या बोटींना १ एप्रिल २०१९ पासून हा अलार्म सक्तीचा झाला आहे.

आपल्या कोकणातही खलाशी केबिनमध्ये झोपतात, बोटीवरच जेवण रांधतात, खाली इंजिन चालू असतं. पावसात ताडपत्री ओढून घेतली की हवा कोंडते. धोका तोच आहे.

वायू कळत का नाही?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणूस म्हणतो, बोट लागली असेल! पण एकापेक्षा जास्त जणांना एकदम तसं वाटलं आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर वायूचाच संशय घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका, या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो.

आवाज कसला आहे?

बहुतेक अलार्म चार मोठे ठोके देतात, थांबतात, पुन्हा चार देतात. हा वायूचा इशारा. मिनिटाभराने एकदाच ‘टिक’ किंवा ‘चिक’ होत असेल तर बॅटरी संपत आली आहे, बिघाड आहे किंवा अलार्मचं आयुष्य संपलं आहे. प्रत्येक कंपनीचे ठोके थोडे वेगळे असतात. म्हणून मागचं लेबल आजच वाचून ठेवा, रात्री दोन वाजता वाचायला वेळ मिळत नाही.

चार ठोके वाजले की सगळ्यांना उठवून उघड्या डेकवर आणा. जाता जाता हाताशी असेल तर इंजिन, जनरेटर, स्टोव्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा. माणसं मोजा. कुणाला त्रास होत असेल तर किनाऱ्याजवळ १०८, समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ किंवा व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल. कारण सापडेपर्यंत केबिनमध्ये झोपू नका.

‘उगाच वाजतो’ असं वाटलं तर

खिडकी उघडल्यावर अलार्म गप्प झाला, म्हणजे तो खोटा होता असं नाही. वायू बाहेर गेला म्हणून तो गप्प झाला. आता कारण शोधा.

पहिलं, सायलेन्सर आणि पाइपचे सांधे. काजळीचे काळे डाग दिसले तर तिथून गळती आहे. दुसरं, वारा. मागून वारा असताना हळू चाललात, तर आपलाच धूर परत केबिनमध्ये येतो. तिसरं, शेजारी बांधलेल्या बोटीचं चालू इंजिन. चौथं, बोटीच्या मोठ्या बॅटऱ्या. चार्जिंग जास्त झालं की त्यातून हायड्रोजन निघतो आणि काही अलार्म त्यालाही वाजतात. असं असेल तर दोष चार्जरचा किंवा बॅटरीचा आहे, आणि हायड्रोजन पेट घेतो, म्हणून तीही दुरुस्ती तातडीची. रंग, थिनर, स्प्रे यांच्या वाफेनेही कधी कधी अलार्म वाजतो.

यातलं काहीच नसेल तर अलार्म बदला. पण वायर काढून झोपू नका.

वाजतच नसेल तर

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक फेरीआधी टेस्टचं बटण दाबा. मात्र बटणाने बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, आतल्या सेन्सरची खात्री बहुधा होत नाही. सेन्सरचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. मागे लिहिलेली बदलायची तारीख उलटली असेल तर बटण दाबल्यावर तो कितीही जोरात वाजो, नवा घ्या. खाऱ्या हवेने बॅटरीचे पत्रे गंजतात, तेही बघा.

उशिरा वाजला म्हणजे बिघडला असंही नाही. हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० असेल तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० असेल तर ३ मिनिटांच्या आत. त्याची रचनाच तशी आहे.

घेताना, बसवताना

घरातला साधा अलार्म बोटीचे हादरे सोसायला बनवलेला नसतो. ईएन ५०२९१-२ हा नंबर असलेला घ्या. हा वायू हवेइतकाच हलका आहे, म्हणून झोपायच्या जागी, उशीपासून श्वासाच्या उंचीवर बसवा. कपाटात, पडद्यामागे, खिडकीला लागून किंवा स्टोव्हच्या अगदी वर नको.

आणि एक लक्षात ठेवा. सिलिंडरचा गळणारा गॅस किंवा मासळीच्या खणात कुजण्याने होणारा विषारी वायू हा अलार्म ओळखत नाही. अलार्म गप्प आहे म्हणून खणात उतरू नका.

पुढच्या फेरीला निघण्याआधी तांडेलाने एवढं करावं: बटण दाबावं, मागची तारीख वाचावी, पाइपचे सांधे बघावेत. पाच मिनिटांचं काम आहे.