दुसरा गिअर उडतो तरी कसा?

ताम्हिणीचा चढ, मागे सामान, दुसरा गिअर. तुम्ही रेस पिळता आणि पायाखालून ‘खट्!’ असा आवाज येतो. इंजिन एकटंच बोंबलत सुटतं, गाडीतला जोर गायब. लिव्हरला पायही लावलेला नाही, तरी गिअर निघालेला. गॅरेजात याला ‘गिअर उडतो’ म्हणतात.

गिअर का उडतो, हे विचारण्याआधी जरा उलटा प्रश्न विचारू: एरवी तो उडत का नाही? गिअर टाकून झाल्यावर पाय तर लगेच लिव्हरवरून निघतो. मग त्या गरगर फिरणाऱ्या पोलादाला जागेवर धरून कोण बसतं?

त्यासाठी आत डोकवायला हवं. गिअर बदलताना एका चाकाचे दाते सुटतात आणि दुसऱ्याचे अडकतात, अशी आपली समजूत असते. मोटरसायकलमध्ये तसं काहीच होत नाही! पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंतच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. तुम्ही पहिल्यात असता तेव्हा चौथ्याची जोडीही फिरतच असते, फक्त फुकट. कारण प्रत्येक जोडीतला एक पिनियन, म्हणजे दातेरी चाक, आपल्या शाफ्टबरोबर फिरतो आणि दुसरा त्याच्या शाफ्टवर मोकळा असतो. गिअर टाकायचा म्हणजे त्या मोकळ्या पिनियनला शाफ्टशी जखडायचं.

जखडण्याचं काम करतात डॉग. पिनियनच्या सपाट बाजूवर बोटाच्या पेराहूनही लहान ठोकळे उभे असतात, ते डॉग. शेजारचा पिनियन शाफ्टच्या खाचांवरून काही मिलिमीटर सरकतो आणि त्याचे डॉग याच्या डॉगमधल्या फटींत शिरतात. आता वेग बघा. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला 100. साध्या शंभर सीसीच्या गाडीत क्लचकडे जाताना ते साधारण चौपटीने कमी होतात. तरी क्लचचा शाफ्ट सेकंदाला 25 वेळा फिरतो. इतक्या भिरभिरत्या फटीत ठोकळा बरोबर घुसतो, आणि तोही तुमच्या अंगठ्याच्या एका दाबाने. मोटारीसारखी दोघांचे वेग आधी जुळवून देणारी सोय इथे नसते.

पाय आणि डॉग यांच्यामध्ये एक ड्रम असतो. त्याच्या अंगावर वळणावळणाच्या खाचा कोरलेल्या असतात. ड्रम थोडा फिरला की त्या खाचांतून चालणारे फोर्क आडवे सरकतात आणि पिनियनला ढकलतात. दर दाबाला ड्रम एकच घर पुढे जातो आणि लिव्हर पुन्हा मधोमध येते. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कारखान्यातल्या हॅरॉल्ड विलिस यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस रेसच्या गाड्यांसाठी बसवली. तोवर बहुतेकांना टाकीशेजारचा दांडा हाताने ओढून गिअर बदलावा लागे. आज दूधवाल्याच्या गाडीतही तीच युक्ती आहे.

ड्रम घरातून हलू नये म्हणून एक छोटी स्प्रिंग रोलरला खाचेत दाबून धरते. पण अख्ख्या इंजिनचा जोर पेलणं या स्प्रिंगच्या आवाक्यातलं नाही. मग गिअर कोण धरतं?

इंजिनच धरतं! डॉगच्या बाजू काटकोनात उभ्या नसतात. त्या मुळाशी किंचित आत कापलेल्या असतात, दोन-तीन अंश, काही गाड्यांत पाचपर्यंत. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा, एकमेकांत अडकवा आणि ओढा. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. डॉगचंही तसंच. डॉगवर अडीचशे किलोचा दाब असेल आणि उतार तीन अंशांचा, तर घर्षण बाजूला ठेवल्यास बारा-तेरा किलोची ओढ दोन्ही पिनियनना एकमेकांकडे खेचत राहते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळणाऱ्या तिरक्या कापामुळे!

आणि बिघाडही नेमका तिथेच होतो. अर्धवट दाबून गिअर टाकायची सवय असली की डॉग टोकांवरच आपटतात आणि कोपरे गोल होतात. आता उतार उलटा झाला. कालपर्यंत आत खेचणारा तोच जोर आज बाहेर फेकतो. म्हणून रेस जितकी जास्त, तितका गिअर नेमाने उडतो. बहुधा दुसराच का? पहिल्या-दुसऱ्यात वेगाचा फरक सगळ्यात मोठा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत मध्ये न्यूट्रल असल्याने पायाला लांबची मजल मारावी लागते.

म्हणूनच इंजिन न खोलताही बरंच निदान करता येतं. आधी हा क्लचचा दोष नाही ना, ते बघा. क्लच घसरत असेल तर आवाज चढतो, पण ‘खट्’ होत नाही आणि गिअर लागलेलाच राहतो. मग बाहेरचं तपासा: लिव्हर शाफ्टवर ढिली आहे का, गाडी पडल्यावर वाकून कुठे अडते का. हे निघालं तर काम पान्यावरच भागतं.

नसेल, तर रेस देताना उडतो की सोडताना, हे बघा. देताना उडत असेल तर डॉगची ढकलणारी बाजू गेली. घाट उतरताना, रेस सोडल्यावर उडत असेल तर पाठची. कधीही, कुठलाही गिअर उडत असेल तर रोलरची स्प्रिंग किंवा ड्रमवर संशय घ्या. आणि दोनच गिअर उडत असतील तर? मला सगळ्यात आवडणारी खूण हीच. एक सरकता पिनियन डावीकडे एक गिअर लावतो, उजवीकडे दुसरा, आणि त्याला ढकलणारा फोर्क एकच. दोन गिअर एकदम बिघडले की त्या फोर्ककडे बोट जातं. ऑइल बदलताना चकचकीत पोलादी कपच्या निघाल्या तर मात्र इंजिन खोलण्याला पर्याय नाही.

गोल डॉग फोर्कला ढकलून वाकवतो आणि वाकलेला फोर्क डॉगला अर्धवट बसवून आणखी गोल करतो. नुसता फोर्क बदलून पैसे वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. समोरासमोरचे दोन्ही पिनियन आणि फोर्क एकदमच बदलून घ्या. आणि चालवताना लिव्हरवर पाय टेकवून ठेवू नका. तेवढ्या भाराने फोर्क आतल्या आत सतत पिनियनवर घासत राहतो.