नवा कॅमेरा घेण्यापूर्वी

एकत्र कुटुंबांत नवी वस्तु आणावयाची म्हटली, कीं तिचा विचार एकट्याचा राहत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरीं नव्या कॅमेऱ्याचा प्रश्न असाच रात्रीच्या पंगतींत निघाला आणि महिनाभर चालला. त्या चर्चेंतून जें हातीं लागलें, तें इतर घरांसही उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचा जुना कॅमेरा म्हणजे निकॉन डी-५०, सन २००५ चा. घरांतील मुंजी, बारशीं, यात्रा सारें त्यानेंच टिपलें. कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याचें म्हणणें असें, कीं "काका, साठ लाख ठिपक्यांचा कॅमेरा आज कोण वापरतो? आतां दोन कोटी चाळीस लाखांचा हवा." आंकडा ऐकून मंडळींचे डोळे दिपले. परंतु हिशेब करूं गेल्यास काय दिसतें? जुन्याचें चित्र ३००८ ठिपके लांब व २००० रुंद. नव्याचें ६००० लांब व ४००० रुंद. ठिपके चौपट झाले, तरी लांबी-रुंदी दुप्पटच. इंचास ३०० ठिपके या मानानें छापल्यास जुन्याचें चित्र दहा इंच लांब निघतें, नव्याचें वीस. आमच्या आल्बमांतील चित्रें तर सहा इंचांचीं! एवढ्याकरितां सामाईक पेटींतील पैसा खर्चणें दादांना पटेना, आणि मलाही पटलें नाहीं.

तेव्हां वहिनींनीं एक जुनें चित्र आणून पुढें ठेवलें. सन २००९ चें लक्ष्मीपूजन. नानांची ती अखेरची दिवाळी. समईच्या उजेडांत ते मुलांना आशीर्वाद देत आहेत. पण हात धुरासारखा फिसकटलेला आणि चेहराही पुसट. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माघांत आईंचें सहस्रचंद्रदर्शन आहे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांच्या डोळ्यांना फ्लॅश सोसत नाहीं. या खेपेसही असेंच व्हावयाचें का?"

खरा प्रश्न हा होता. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा आपली नोंद ठेवीत असतो. ती उघडून पाहिली. प्रकाशाची संवेदनक्षमता १६००, म्हणजे त्या कॅमेऱ्याची परमावधि. भिंगाचें छिद्र एफ ५.६, पडदा उघडा राहिला एक-अष्टमांश सेकंद. तेवढ्या अवधींत आशीर्वादाचा हात सहज चार बोटें सरकतो.

त्या चित्राची हळहळ वाटूनच दादांनीं पुढें ५० मिलिमीटरचें, एफ १.८ पर्यंत उघडणारें भिंग घेतलें होतें. त्यांचें मत, भिंग आहे तर कॅमेरा कशाला? आम्हीं देवघरांत सायंकाळच्या आरतीला प्रयोग केला. छिद्र पुरतें उघडल्यास आईचा चेहरा स्पष्ट येई, पण पुढचें ताम्हन अस्पष्ट होई. म्हणून एफ २.८ वर ठेवलें. प्रकाश पूर्वीच्या चौपट झाला. वेळ एक-तिसांश सेकंदावर आला. चेहरे साधले, परंतु ओंवाळणारा हात अजून पुसटच! नव्या कॅमेऱ्यांत ६४०० संवेदनक्षमतेवरही चित्र चांगलें राहतें. ती आणखी चौपट. दोन्ही मिळून सोळापट, म्हणजे जुन्या एक-अष्टमांशाच्या जागीं सव्वाशावा भाग. एवढ्यांत हात थांबतो. दादांनीं हिशेब दोनदां तपासला आणि मान डोलविली.

तरीही एक खांच होती. पुतण्यानें निवडलेला स्वस्त कॅमेरा निकॉनच्या डी-३००० मालिकेंतील होता. त्या व डी-५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटार नसते. आमचें भिंग 'डी' जातीचें; त्याची स्वतःची मोटार नाहीं. तें अशा कॅमेऱ्यावर बसतें, पण नेम हातानेंच साधावा लागतो. सन २०१८ पासून निघालेल्या आरसा नसलेल्या 'झेड' कॅमेऱ्यांनाही निकॉनचा जोडतुकडा लावून तें बसवितां येतें. मोटार मात्र त्या तुकड्यांतही नाहीं. कॅमेरा नवा आणि भिंग पांगळें, असा तो सौदा झाला असता!

अखेरीस सन २०१५ चा डी-७२०० वापरलेला घेतला. त्यांत मोटार आहे. त्याचा पडदा दीड लाख चित्रांच्या कसोटीस उतरलेला म्हणून सांगतात. यास्तव जुना घेतांना आजवर किती चित्रें काढलीं, तें आधीं पाहून घ्यावें. चित्रांच्या फाईलीही मोठ्या होतात. संगणकांत जागा आहे कीं नाहीं, हाही खर्च मोजावा.

माघांत समारंभ झाला. एक्याऐंशीं दिव्यांनीं सुना-नाती आईला ओंवाळीत असलेलें चित्र स्वच्छ उतरलें. तिच्या हातावरची शीर नि शीर दिसते. वहिनींनीं आल्बमांत तें नानांच्या त्या चित्राशेजारीं लावलें. आईनें दोन्ही पाहिलीं आणि नानांच्याच चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हें काढूं नका हो. आशीर्वाद देणाऱ्याचा हात कधीं स्थिर असतो का?"

तें तेथेंच आहे. जुना डी-५० धाकट्या पुतणीकडे गेला. दिवसाच्या उजेडांत अंगणांतल्या तुळशीचीं तिनें काढलेलीं चित्रें नव्याहून रतिभरही उणीं नाहींत. म्हणून सांगणें इतकेंच: नवें घेण्यापूर्वीं जुन्याचें नेमकें काय अडलें, तें एकदां तपासून पाहावें. अडलें असेल, तर खुशाल घ्यावें. अडलें नसेल, तर जुनेंच पुष्कळ काम देतें.