सत्तावीस वर्षांनी लागणारं ग्रहण

आज आपण अशा एका ताऱ्याकडे जाणार आहोत, जो दर सत्तावीस वर्षांनी निम्मा मंदावतो आणि जवळजवळ दोन वर्षं तसाच राहतो. जानेवारीत संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून मान वर केली की ब्रह्महृदय हा ठळक पिवळसर तारा दिसतो. त्याच्या शेजारी तीन फिकट ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. त्यातला ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा तो एप्सिलॉन ऑरिगी, म्हणजे आपल्या सारथी तारकासमूहातला तारा.

ताऱ्यांना ग्रहण लागतं ही कल्पना जुनी आहे. ययातीमधला अल्गोल दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो. ऐकू न येणाऱ्या जॉन गुडरिक या इंग्रज तरुणाने १७८३ मध्ये सुचवलं, की एखादी काळोखी वस्तू त्याच्या आडून जात असावी. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याला झाकतो, हे त्याचं आजचं स्पष्टीकरण. अल्गोलचं ग्रहण दहाएक तासांत आटोपतं. दोन वर्षं झाकून ठेवणारी वस्तू मात्र केवढी असेल?

योहान फ्रिट्श या जर्मन निरीक्षकाला १८२१ मध्ये हा तारा मंद दिसला. १९०४ मध्ये लुडेनडॉर्फने जुन्या नोंदी जुळवून त्याचा सविस्तर अभ्यास केला. तेज २.९ प्रतीवरून ३.८ पर्यंत उतरतं, बराच काळ तिथेच टिकतं, मग हळूहळू परत चढतं. आलेखाचा तळ असा सपाट असला, की आपण म्हणतो तारा पूर्ण झाकला गेला आणि उरलेला प्रकाश जोडीदाराचा आहे. पण इथे ग्रहणातही वर्णपट त्याच ताऱ्याचा दिसत राहतो! म्हणजे झाकलेला ताराच प्रकाश देतोय. शिवाय त्या ताऱ्याचं पुढेमागे हलणं सांगतं, की जोडीदार चांगला वजनदार आहे. वजन आहे, पण प्रकाश दिसत नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे आम्हाला मीमांसकांचा देवदत्त आठवतो. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. या प्रमाणाला अर्थापत्ती म्हणतात. दिसणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, म्हणून न दिसणारी तिसरी मानावी लागते. पण अट कडक आहे: दुसऱ्या कोणत्याही कल्पनेने मेळ बसता कामा नये. एप्सिलॉनच्या बाबतीत गोची इथेच झाली. १९३७ मध्ये कायपर, स्ट्रूव्ह आणि स्ट्रोमग्रेन यांनी एक प्रचंड, अर्धपारदर्शक तारा मानला. १९६५ मध्ये सू-शू ह्वांग यांनी मानली कडेने दिसणारी जाड तबकडी. कंदिलासमोरून ताट आडवं धरून नेलं तर काचेचा मधला पट्टा झाकतो, वरून-खालून उजेड येतच राहतो, तसं. दोन्ही कल्पनांनी मेळ बसतो, मग मानायचं काय?

असा वाद नव्या निरीक्षणानेच पुढे सरकतो. ग्रहणात निळा, तांबडा असे सगळे रंग जवळपास सारखेच मंदावतात. अगदी बारीक धुळीने निळा जास्त अडवला असता, तेव्हा इथले कण भरड असावेत. अवरक्त प्रकाशात या जोडीदाराची स्वतःची ऊबही दिसते. सुमारे ५५० केल्विन, म्हणजे पावणेतीनशे अंश सेल्सिअस. ताऱ्याच्या मानाने हे थंडच. मग २००९ च्या ग्रहणात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या 'चारा' दुर्बीण-समूहाने अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ताऱ्याच्या बिंबाचंच चित्र मिळवलं. त्यावर एक काळी, लांबट पट्टी सरकत येताना दिसली. ह्वांग यांच्या कल्पनेनंतर ४४ वर्षांनी ताट दिसलं! तबकडीच्या पोटात एक उष्ण तारा दडलेला असावा, असा आज बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे. दोघांची नेमकी वस्तुमानं किती, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण ताऱ्याचं अंतरच पक्कं ठरत नाही.

आता तुमच्या कामाचं. पुढचं ग्रहण २०३६ मध्ये सुरू व्हायचं आहे. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. त्रिकोणातले दुसरे दोन तारे ईटा आणि झीटा. एरवी एप्सिलॉन हा ईटापेक्षा किंचित उजळ असतो, ग्रहणात तो उतरून झीटाच्या आसपास येतो. मात्र झीटा स्वतःही थोडा बदलतो, म्हणून तुलनेचा मुख्य तारा ईटाच धरा. आणि ग्रहणाची वाट पाहत बसू नका. एप्सिलॉन ग्रहणाबाहेरही थोडा कमीजास्त होत असतो. त्याची रोजची चाल ठाऊक नसेल, तर ग्रहण नेमकं कधी लागलं हे कसं ओळखणार? तेव्हा तारीख, वेळ आणि दिसलेलं तेज आजपासूनच लिहा. अपेक्षेप्रमाणे दिसलं नाही, तरी दिसलं तेच लिहा.

आमची सत्तरी उलटली आहे. २०३६ चं ग्रहण आम्हाला मिळेल न मिळेल. पण लुडेनडॉर्फनेही इतरांच्या वह्यांवरच काम केलं होतं. तुमच्यातल्या कुणाची वही अशीच पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.