खवटपणा आधी पोत्यात शिरतो

रात्रीचं उरलेलं चिकन दुसऱ्या दिवशी गरम केलं की त्याला एक शिळा, खवट वास येतो. मसाला तोच, मांस तेच. मग बिघडलं काय? याचं उत्तर थेट कोंबडीच्या खाद्यापर्यंत जातं.

कोंबडीच्या चरबीत असंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात. प्राणवायूशी संयोग झाला की ती खवट होतात, आणि मांसातलं लोह ही क्रिया वाढवतं. तंगडीत चरबी आणि लोह दोन्ही जास्त, म्हणून ती छातीच्या मांसाआधी खवट होते. शिजवल्यावर पेशींची आवरणं फुटतात, लोह मोकळं होतं आणि वेग आणखी वाढतो.

ही क्रिया रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्यांत सर्वांत भरवशाचं ई जीवनसत्त्व. कोंबडी ते स्वतः तयार करू शकत नाही. खाद्यातून मिळालेलं ई जीवनसत्त्व पेशीच्या आवरणात जाऊन बसतं आणि पक्षी कापल्यानंतरही तिथं पहारा देतं. मांसाला वरून लावून ते इतकं आत पोहोचत नाही. ब्रॉयलरच्या वाढीला किलोभर खाद्यात सुमारे 10 मिलिग्रॅम पुरतं. मांस टिकावं म्हणून केलेल्या प्रयोगांत मात्र 100 ते 200 मिलिग्रॅम दिलेलं दिसतं.

ओव्यातलं थायमॉल आणि रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल हेही याच कामाचे. हळदीतलं कर्क्युमिन मात्र आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. युरोपीय संघाने 2017 मध्ये एथॉक्सीक्विन या कृत्रिम अँटिऑक्सिडंटची खाद्यातली परवानगी स्थगित केली, तेव्हापासून अशा वनस्पतींना मागणी वाढली.

आता माझी चूक सांगतो. एका उन्हाळ्यात तांदळाचा कोंडा स्वस्त मिळाला म्हणून मी भरपूर भरून ठेवला, तोही पत्र्याच्या शेडमध्ये. तो खवट झाला. फेकायला जीव होईना, म्हणून हळद आणि ओवा मिसळून घातला. पक्ष्यांनी खाद्य टाकलं, वजनं घटली, नुकसान झालं ते झालंच. फौजेत आयुष्य काढूनही विसरलो, की पहारा चोरीच्या आधी लावायचा असतो! खवट झालेली चरबी पुन्हा ताजी होत नाही. उलट ती खाद्यातलं ई जीवनसत्त्वही संपवते.

म्हणून महागडी पुडी घेण्याआधी पोतं उघडा, मूठभर खाद्य चोळून वास घ्या. साठा थोडा, सावलीत, फळीवर ठेवा. मग ई जीवनसत्त्व. ओवा घालायचाच, तर निम्म्या पक्ष्यांना द्या, निम्म्यांना देऊ नका, आणि फरक स्वतः पाहा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.