सुरगाण्याचे ऋतुमान आणि पाण्याचा हिशेब

आठवीच्या वर्गात भूगोल शिकवीत असता आम्ही एकदा मुंबई शहराच्या हवामानाचा पाठ घेतला. मुंबईस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे फळ्यावर लिहिले. आणि सुरगाणा तालुक्यातील काही मुले वर्गात असल्यामुळे त्याशेजारी सुरगाण्याचा सरासरी पाऊसही लिहिला, सुमारे १,९०० मिलिमीटर. तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पाऊस जवळजवळ मुंबईएवढाच पडतो, तर मग चैत्रात माझी आई हंडाभर पाण्यासाठी पहाटे दरी का उतरते?" आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. पुस्तकातले हवामान आणि घरातले हवामान ह्यांत केवढे अंतर असते, हे त्या एका प्रश्नाने आमच्या ध्यानात आणून दिले. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा रीतीने देण्याचा यत्न आम्ही येथे करीत आहो.

प्रथम पाऊस येतो कोठून, हे पाहू. उन्हाळ्यात भरतखंडाची भूमी समुद्रापेक्षा अधिक तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील बाष्पयुक्त हवा नैऋत्येकडून धावत येते. ही कल्पना एडमंड हॅले ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने १६८६ साली मांडली. पुढील शास्त्रज्ञांनी तीत पुष्कळ भर घातली असली, तरी तिचे मूळ सूत्र आजही शिकविले जाते. हे वारे साधारणतः १ जूनच्या सुमारास केरळात व ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोहोचतात आणि पुढे सह्याद्रीवर येऊन आदळतात. डोंगर आडवा आला म्हणजे हवेस वर चढावे लागते. वर चढताना ती प्रसरण पावून थंड होते. थंड झालेल्या हवेत बाष्प मावत नाही, म्हणून त्याचे जलबिंदू बनून पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेस उतरताना तीच हवा पुन्हा उष्ण व कोरडी होते. सुरगाणा हा तालुका नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकास, गुजरातच्या सीमेवर, बहुतांशी पश्चिमेकडे उतरणाऱ्या डोंगराळ प्रदेशात आहे. म्हणून तेथे पाऊस मुबलक. मालेगाव त्याच जिल्ह्यात असूनही डोंगरामागे पडले; म्हणून तेथे वर्षास अवघा पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांत जवळजवळ चौपट अंतर पडावे, ही सर्व सह्याद्रीची करणी होय.

आता वर्षाचा क्रम पाहू. ज्येष्ठात राबाच्या काळ्या भूमीवर पहिली सर येते. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन घडत नाही. चिखलात भाताची लावणी चालते आणि उतारावर नागली व वरई डोलू लागतात. भाद्रपदात सरी विरळ होतात. आश्विनात वारे फिरतात. ते आता समुद्राकडून न येता भूमीवरून येतात, म्हणून कोरडे असतात. आकाश निवळते, पण जमीन ओली असल्यामुळे ऑक्टोबरचा उकाडा अंगास चिकटतो. मार्गशीर्ष-पौषात थंडी पडते. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता आकाशात निघून जाते व जड, थंड हवा खोलगट भागांत साचून राहते. म्हणूनच नाताळच्या सुटीत घरी गेलेली मुले दरीतल्या पाड्यांवर शेकोटीपासून हलत नाहीत. अलीकडच्या काळात ह्याच थंडीचा लाभ घेऊन तालुक्यातील शेतकरी स्ट्रॉबेरीचे पीक काढू लागले आहेत. फाल्गुनापासून ऊन चढत जाते, चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि त्या मुलीच्या आईची पायपीट सुरू होते.

मग चार महिने कोसळलेले पाणी जाते कोठे? ह्याचे उत्तर भूमीच्या रचनेत आहे. हा सर्व प्रदेश काळ्या अग्निजन्य पाषाणाचा आहे. ह्या कातळात पाणी मुरते ते केवळ भेगांतून व वरच्या मुरमाच्या थरातून. आणि तीव्र उतारावर तो थरही पातळ असतो. झाडी असेल तेथे पाने व मुळे पाण्यास थोपवून धरतात. झाडी तुटली की पाणी मातीसह धावत सुटते. केमच्या डोंगराकडे पाहा. त्याच्या एका अंगाचे पाणी गिरणेच्या रूपाने पूर्वेस कळवण-मालेगावकडे जाऊन तापीस मिळते. दुसऱ्या अंगाकडील नार नदी पारेस मिळते आणि पार गुजरातेतून अरबी समुद्र गाठते. दोन्ही बाजूंस पाणी आपल्या अंगणातून निघून जाते, अंगणात राहात नाही. दिवाळीनंतर ओहोळ बारीक होतात, माघात झरे आटतात, आणि ज्या घरावर आषाढात धो धो पाऊस पडला त्याच घरात वैशाखात रिकामा हंडा वाजतो.

मुंबईचे तसे का होत नाही? तेथेही पाऊस चारच महिने पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून शहराची दैना झाली. परंतु ते पाणीही समुद्रासच गेले. मुंबई तहानेने मरत नाही, ह्याचे कारण तिने डोंगरातले पाणी अडविले. १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा असे एकामागून एक जलाशय तिने बांधविले. पुढे वैतरणा व भातसा ह्यांचे पाणी आणले. त्यांपैकी ऊर्ध्व वैतरणा जलाशय तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. म्हणजे शहराची तहान भागविणारा पाऊसही सह्याद्रीवरचाच. फरक पावसाचा नाही, साठवणीचा आहे.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. घराचे छप्पर ४० चौरस मीटरांचे धरले, तर वर्षास ४० गुणिले १,९०० म्हणजे ७६,००० लिटर पाणी त्यावर पडते. पाच माणसांस प्रत्येकी रोज ४० लिटर धरल्यास वर्षाची गरज ७३,००० लिटर होते. सर्व पाणी साठविणे शक्य नाही, हे खरे. पण केवळ पिण्यास व रांधण्यास प्रत्येकी आठ लिटर धरा. पाच माणसांस रोज ४० लिटर आणि टंचाईच्या १२० दिवसांस ४,८०० लिटर! म्हणजे ज्या छपराखाली कुटुंब राहते, त्याच्या पन्हाळीखाली पाच हजार लिटरांची झाकलेली टाकी असली, तर सबंध उन्हाळ्याचे पिण्याचे पाणी दाराशी राहील. मात्र पहिल्या एकदोन सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्यावे, टाकीस जाळी लावावी व तिच्यात उजेड शिरू देऊ नये.

जे छपरास लागू, तेच डोंगरास. दिवाळीच्या सुमारास ओहोळ वाहता असतानाच रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा, उतारावर आडवे खणलेले समपातळी चर, आणि झऱ्याच्या माथ्यावर राखलेली झाडी ही तीन कामे पाणी जमिनीत मुरविणारी आहेत. ह्यांस फार द्रव्य लागत नाही. गावाची एकी मात्र लागते.

विद्यार्थ्यांनी आरंभ मोजण्यापासून करावा. सरळ उभ्या बाजूंचा व सपाट तळाचा एक पत्र्याचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी, वहीत लिहावी व डबा रिता करावा. सरकारी वेधशाळाही पाऊस ह्याच वेळी मोजतात. आपल्या पाड्यावर किती पडले, ह्याची वही ज्याच्या हाती असेल, त्यास किती वाहून गेले हेही समजेल.

असो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता एका वाक्यात देता येईल: मुली, तुझ्या आईचा हंडा आभाळाने रिकामा ठेवलेला नाही, आषाढात दारावरून जाणारे पाणी आपण थांबविले नाही, म्हणून तो चैत्रात रिकामा आहे. आभाळाने आपला वाटा दिलेला आहे. राहिलेला वाटा आपला, आणि तो उचलण्याचा समय पहिल्या सरीच्या आधीचा आहे.