४४.९ टक्के सिझेरियन आणि १७ रुग्णांचा निबंध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तमिळनाडूतली ९९.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. सिझेरियनचं प्रमाण ४४.९ टक्के, आधीच्या फेरीत ते ३४.१ होतं. महाराष्ट्रात ते २०.१ वरून २५.४ वर गेलं. पहिला आकडा अभिमानाचा. दुसऱ्याची थकबाकी कधी कधी मूत्रविकारतज्ज्ञाला चुकती करावी लागते.

चेन्नईच्या युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ, डॉ. एन. राजामहेश्वरी यांचं काम याच क्षेत्रातलं. युरॉलॉजिस्ट व्हायचं तर आज एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएसची ३ आणि एमसीएचची आणखी ३ : एकूण साडेअकरा. एवढं करून या शाखेत शिरणाऱ्या बायका आजही मोजक्याच.

२०१३ साली राजामहेश्वरी यांनी एका सहकाऱ्यासह लिहिलेला निबंध गर्भाशय आणि मूत्राशय यांच्यात पडणाऱ्या भोकाविषयी, म्हणजे फिस्टुलाविषयी आहे. रुग्ण १७. एरवी ही संख्या कुणी हिशेबात धरणार नाही. पण या दुर्मीळ दुखण्यात एका गटाने १७ जणी पाहणं मोठी गोष्ट आहे. हा फिस्टुला बहुधा सिझेरियननंतरच होतो. मूत्राशय गर्भाशयाला चिकटून बसलेलं असतं. ते नीट खाली सरकवलं नाही किंवा टाक्यात सापडलं की दोघांत वाट पडते. मग काहींना पाळीचं रक्त लघवीतून जातं. युसेफ या डॉक्टरांनी १९५७ मध्ये हे लक्षण वर्णन केलं. बाई मात्र मूतखड्याच्या तपासण्या करत फिरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अडलेल्या बाळंतपणामुळे जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना योनीत उघडणारा फिस्टुला होतो. दवाखान्यातलं बाळंतपण वाढलं की हे कारण मागे पडतं आणि शस्त्रक्रियेतली इजा पुढे येते, विशेषतः गर्भाशयाची पिशवी काढताना झालेली. इथे बीड आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९ च्या सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास १७ टक्के. त्यांतल्या किती जणींना पुढे लघवीचा त्रास झाला, हेही मोजायला हवं होतं.

अशा गळतीच्या निदानाला फार यंत्रं लागत नाहीत. योनीत एकावर एक तीन बोळे ठेवायचे, कॅथेटरमधून मूत्राशयात निळं औषध सोडायचं आणि बाईला थोडं चालायला लावायचं. वरचा किंवा मधला बोळा निळा झाला तर गळती मूत्राशयातून. बोळा ओला झाला पण निळा नाही, तर मूत्रवाहिनी दुखावल्याचा संशय. राजामहेश्वरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या निबंधात मूत्राशयाच्या वरच्या भागातला फिस्टुलाही योनिमार्गे दुरुस्त करण्याची बाजू मांडली. पोट न उघडता काम झालं, तर मजुरी करून जगणाऱ्या बाईचे खाटेवरचे दिवस वाचतात.

पिशवी काढल्यावर किंवा सिझेरियननंतर आठ-दहा दिवसांनी लघवी सतत ठिबकू लागली, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घड्या लावत बसू नका. युरॉलॉजिस्टकडे जा आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या.