तिसरं लागलं, आता कुठे घालायचं?

उन्हाळा लागला की साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत प्रवेशाचे फलक झळकू लागतात आणि तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात एकच विषय सुरू होतो: याला यंदा घालायचं का? आजी म्हणते, कोवळं पोर आहे, राहू दे वर्षभर. बाप म्हणतो, शेजारचा पोरगा एबीसीडी लिहायला लागला. दोघंही बोलतात ते काळजीपोटीच, पण दोघंही वयाचाच हिशेब मांडतात. माझ्या मते वयापेक्षा मोठा प्रश्न हा, की बालवाडीच्या त्या तीन-चार तासांत मुलाचं काय होतं. तीन वर्षं पुरी झाली की जरूर घालावं. मात्र जिथे त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललं जातं, गोष्टी सांगितल्या जातात आणि हाती पेन्सिल देण्याची घाई नसते, तिथेच. तसं ठिकाण नसेल, तर घर बरं.

असं म्हणायला आधार आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला पेरी बालशाळेत घातलं, दुसऱ्याला नाही. चाळिशीपर्यंत माग काढला, तेव्हा बालशाळेतली मुलं जास्त कमावणारी आणि पोलिसांच्या हाती कमी वेळा सापडलेली निघाली. हा दाखला नेहमी दिला जातो, पण त्यातली मेख बाजूला राहते: तिथे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसायची. उलट टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांना अर्ज जास्त आले म्हणून सोडत काढावी लागली. तिच्यात नंबर लागलेली मुलं सहावीत पोचली, तेव्हा परीक्षेत नंबर न लागलेल्यांच्या मागे होती, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. नुसतं नाव घातल्यानं भलं होतंच असं नाही, कधी नुकसानही होतं.

चांगलं ठिकाण कसं असतं हे पाहायला मात्र लांब जायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि महागड्या साधनांवाचून, शंख-शिंपले, बिया, खडे यांवर बालवाडी चालवून दाखवली. सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. बर्नसन भाषाशास्त्रज्ञ, त्यांची पीएच.डी. फलटणच्याच बोलीवरची. मुलाची घरची बोली अशुद्ध म्हणून खोडायची नाही, तिच्यावरूनच त्याला वाचनाकडे न्यायचं, ही तिथली भूमिका मला फार मोलाची वाटते. जतच्या पूर्व भागात तर घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. अशा मुलाला तिसऱ्या वर्षी एकदम इंग्रजी नर्सरीत बसवलं, की ते गप्प होतं, आणि गप्प पोर मोठ्यांना शिस्तीचं वाटतं. ज्या वयात तोंडाचा पट्टा सुरू राहायला हवा, त्याच वयात तो थांबतो.

यावर आईबापांचा रास्त सवाल असतो: आमचंच पोर मागे पडलं तर? त्यांनी आधी लिहिणारा हात पाहावा. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात. चौथ्या वर्षी त्यांतली साधारण निम्मीच घट्ट होऊ लागलेली असतात. त्या हातानं चार रेघी वहीत पानभर ‘अ’ गिरवायला लावला, तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा उचलतं, आणि दमून वही ढकलतं. तोच हात कणीक मळतो, चिंचोके निवडतो, मणी ओवतो, तेव्हा लिहिण्याची तयारी होत असते. पहिलीचं वय सहा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. चार वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही म्हणून ते कुणाच्याही मागे नाही.

आजीचं म्हणणं तिसऱ्या वर्षापर्यंत मला पुरतं मान्य आहे. पण त्यानंतर मुलाला बरोबरीची पोरं लागतात, आणि आज कित्येक घरांत एक मूल, दोन थकलेली माणसं आणि एक मोबाइल असतो. कृष्णाकाठच्या ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात तर आई मजुरीला गेली की पोर बांधावर. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचं त्याहून कठीण: पोराचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि पोर वाळव्याच्या फडात. हंगामाचे चार-पाच महिने जिथे त्यांची कोपी (झोपडी) पडते, तिथल्या अंगणवाडीनं त्याला बसवून घेतलं पाहिजे.

अंगणवाडीत खिचडीशिवाय असतं काय, असं म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणारे पुष्कळ आहेत. तक्रार खोटी नाही. एकाच सेविकेवर वजनं, लसीकरण, गरोदर बाया, रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, एवढं सगळं आल्यावर वेळ कापला जातो तो शिकवण्याचाच. पण तामिळनाडूत निवडक अंगणवाड्यांना अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती दिली, तेव्हा शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात मुलं गणित-भाषेत पुढे गेली आणि कुपोषणही घटलं. अडतं ते माणूसबळापाशी. शिवाय जाब विचारू शकणाऱ्या घरांतली मुलं व्हॅनमधून तालुक्याला निघून गेल्यावर गावात सेविकेला आज काय घेतलं, असं विचारणारं उरत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी, आणि अंगणवाडीला नाव ठेवण्याआधीही, तासभर आत बसून पाहावं. बाई बोलतात किती आणि मुलं किती, हे पाहावं. चिंचोक्यांचे दोन ढीग करून ‘कुठं जास्त हाय?’ विचारल्यावर बाई थांबतात, की लगेच स्वतःच उत्तर देतात, हे पाहावं. एका वर्गात मुलं किती कोंबली आहेत, शौचालय मुलांच्या उंचीचं आहे का, आणि जूनमधले पहिले आठ-पंधरा दिवस रडणाऱ्या मुलाजवळ आईला किंवा आजीला बसू देतात का, हेही विचारावं. ‘दारातून सोडून जा, आपोआप गप्प होईल’ असं उत्तर जिथे मिळेल, तिथे फी भरू नये.